काटेवाल्या नानाचा समुद्र

आमच्या अमळनेरच्या गल्लीत नानाच्या घरी कोणी गेलं, की गूळपाणी मागाहून मिळायचं. आधी हातावर समुद्र मिळायचा.

त्याच्या ओसरीच्या कोनाड्यात हिरव्या काचेची एक बाटली असे. तिच्यात सुरतेच्या पलीकडच्या समुद्राचं पाणी. नाना बूच काढायचा, पाहुण्याचा उजवा हात पुढे ओढायचा आणि देवळात तीर्थ देतात तसा एक थेंब तळव्यावर सोडायचा. "चाटा," म्हणायचा. पाहुणा चाटायचा आणि तोंड वाकडं करायचा, की नानाचा चेहरा फुलायचा. "खारट शे ना? कमी नही, जास्ती नही. बरोबर समुद्राइतकं."

एकदा कचेरीतला नवा कारकून कशाला तरी आला होता. कोकणातला माणूस. तो म्हणाला, अहो, मी समुद्राकाठीच वाढलो, मला हे कशाला? नानाने त्याचाही हात ओढला. म्हणाला, तुमचा समुद्र वेगळा. आमच्या समुद्रात तापी मिळते. कारकुनाने चाटलं आणि कबूल केलं की फरक आहे. शहाणा होता, त्याला लवकर घरी जायचं होतं.

मी नानाहून दोन वर्षांनी मोठी. माझं माहेर गल्लीच्या या टोकाला आणि सासर त्या टोकाला, त्यामुळे जन्मभर मी त्याला पाहिलं. सगळे त्याला नाना म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे, पण अरे-तुरे करून.

नाना कापसाच्या जिनात काटेवाला होता. शेतकऱ्याची गाडी आली की कापूस तोलायचा. आधी रिकाम्या गोणपाटाचा धडा करायचा, म्हणजे गोणपाटाइतकं वजन दुसऱ्या पारड्यात टाकून दोन्ही पारडी सरळ करायची, आणि मगच कापूस चढवायचा. मालकाने डोळे वटारले तरी तो छटाकभर इकडे करत नसे, आणि शेतकऱ्याने हात जोडले तरी छटाकभर तिकडे करत नसे. मालक त्याच्यावर नाराज, शेतकरीही नाराज. यावरून त्याचा काटा खरा असणार, असं माझे वडील म्हणायचे.

पण ती खोड जिनातून घरी आली. लोखंडी टांगता काटा, हातभर लांब, खाली आकडा, तो घेऊनच हा फिरायचा. दर दसऱ्याला पोरीला झोळीत बसवून तोलायचा. भोपळा घेतला की तोलायचा, पाहुण्याचं गाठोडंही तोलायचा. बोलतानासुद्धा कोणी मोठ्या गप्पा मारू लागलं की म्हणायचा, "आधी धडा करा, मग बोला." माझा नवरा वारला तेव्हा वखारवाल्याने मापात मारू नये म्हणून नाना लाकडं स्वतः तोलून घेऊन आला. सुतकाच्या घरी लोक तोंडाला पदर लावून हसले. मी नाही हसले. लाकडं पुरली.

असा माणूस वर्षातून एकदा, कापसाचा हंगाम उतरला की, शनिवारी संध्याकाळी सुरतेच्या गाडीत बसायचा. रविवारी समुद्रावर मासे धरायला जायचा आणि सोमवारी सकाळी परत येऊन जिनात काट्यावर उभा राहायचा. मासा कधी आणला नाही. बायको माळकरी, घरात मासा चालत नव्हता. बाटली मात्र भरून आणायचा. आणि त्या दिवशी संध्याकाळी त्याच्या ओट्यावर गल्ली जमायची.

गोष्टी रंगवून सांगायचा. होडी नारळाच्या करवंटीसारखी कशी हलते, किनाऱ्यावरची ताडाची झाडं कशी काडीएवढी होतात, जाळ्यात घोळ मासा आला की चार माणसं कशी लागतात. आणि प्रत्येक माशाचं वजन. "सव्वीस शेर दीड पाव. कमी नही, जास्ती नही." लोक मागून खाकरायचे. कापसात छटाकभर खोटं न बोलणारा माणूस माशात मणभर बोलतो, असं म्हणायचे.

आणखी एक गंमत. गोष्ट सांगताना नाना लोकांकडे तोंड करत नसे. लोक ओट्याच्या पायऱ्यांवर आणि रस्त्यावर बसलेले, आणि हा त्यांच्याकडे पाठ करून, घराच्या दाराकडे तोंड करून, मोठ्या आवाजात सांगायचा. आत चुलीपाशी अक्का भाकरी थापत असायची. कोणी म्हटलं, नाना, इकडे बघा की, तर म्हणायचा, वारा तोंडावर येतो. आमच्या गल्लीत चैत्रात वारा असता तर आम्ही सुखी झालो असतो.

आता अक्काचं सांगते. अक्का म्हणजे नानाची बायको. पारोळ्याची. उंच, सावळी, कामाला वाघीण. ती नानाशी चौदा वर्षं एक शब्द बोलली नाही.

आमच्याकडे नवरा-बायकोचा अबोला काही नवा नाही. महिना, दोन महिने, एखाद्या घरी वर्षभर. मध्ये सासू असते, पोरं असतात, निरोप चालतात. पण रामाच्या वनवासाइतका अबोला मी दुसरा पाहिला नाही.

झालं होतं असं. जिनातल्या चार-पाच जणांनी ठरवलं की सुरतेला जायचं, लहान होडी भाड्याने घ्यायची आणि समुद्रात मासे धरायचे. नाना घरी येऊन अक्काला म्हणाला, तूही चल, तुला समुद्र दाखवतो. अक्काने पारोळा आणि अमळनेर सोडून काही पाहिलं नव्हतं. तिने दोन दिवसांच्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, ठेवणीतलं लुगडं नेसली, तीन वर्षांच्या पोरीला माझ्याकडे सोडलं आणि गाठोडं घेऊन दारात बसली. नाना जिनातून येऊन तिला नेणार होता. इकडे जिनात मित्रांनी नानाला हसून हसून हैराण केलं. बायकोला घेऊन कोणी मासे धरायला जातं का? होडीत बाई चालत नाही. नाना लाजला आणि जिनातूनच सरळ स्टेशनावर गेला. घरी सांगायलाही आला नाही.

अक्का दारात बसून होती. सुरतेच्या गाडीची शिटी झाली ती आमच्या गल्लीत ऐकू येते. मग ती उठली, लुगडं बदललं, माझ्याकडे येऊन पोर घेतली आणि दशम्या मला दिल्या. रडली-बिडली काही नाही. मी दशम्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

सोमवारी नाना आला तो बाटली घेऊन. तेव्हापासून तिचं तोंड त्याच्यापुरतं बंद.

त्या घराचं टपाल मीच झाले. पोर लहान होती तोवर तर सगळा भार माझ्यावर. दोघं एका चुलीपाशी, मध्ये वीतभर अंतर, आणि अक्का मला म्हणायची, "जनाबाई, तेस्ले सांग, भाकर वाढेल शे." मी म्हणायचे, नाना, भाकर वाढली. नाना म्हणायचा, जनाबाई, तिला सांग, वरणात मीठ कमी शे. मी म्हणायचे, अक्का, मीठ. एकदा मला ताप आला आणि मी तीन दिवस गेले नाही. नानाने तीन दिवस अळणी वरण खाल्लं. मी बरी होऊन गेले तर त्याचा पहिला शब्द मीठ. तब्येत नंतर विचारली.

माझ्यावर त्याचा एक संशयही होता, तोही सांगून टाकते. त्या बाटलीवर त्याने कागदाची पट्टी चिकटवली होती आणि शाईने रेघा मारल्या होत्या. कोणाला किती थेंब दिले ते त्याच्या डोक्यात पक्कं. तरी दिवाळीपर्यंत पाणी दोन बोटं जास्त उतरलेलं असे. बूच बदललं, मेण लावून पाहिलं, पण फरक पडला नाही. शेवटी मला म्हणाला, "जनाबाई, तू घोट तं नही घेत?"

मी म्हटलं, माझ्या घरी मीठ आहे.

पुढच्या वर्षी त्याने पुन्हा माझ्याकडे तसंच पाहिलं.

पोर सतरा वर्षांची झाली. स्थळ चांगलं मिळालं, चाळीसगावचं. लग्न झालं. वरात गेल्यावर आठवडाभराने अक्का माझ्याकडे आली. म्हणाली, त्यांना सांग, माझं इथलं काम संपलं. पोर उजवली. आता भावाकडे पारोळ्याला जाऊन राहते. पुढच्या बुधवारी त्याचा छकडा येईल.

मी म्हटलं, हा निरोप मी सांगणार नाही. ती म्हणाली, तर मग त्यांना छकडा आल्यावर कळेल.

मी सांगितला. नाना ओट्यावर काटा पुसत बसला होता. बराच वेळ आकडाच पुसत राहिला. मग म्हणाला, तिला विचार, या शनिवारी समुद्रावर येते का? एकदाच. मग बुधवारी खुशाल जाऊ दे. मी अडवणार नाही.

मी आत गेले. अक्काने सगळं ऐकलं होतं, दार उघडंच होतं. तरी मी सांगेपर्यंत तिने परातीतून मान वर केली नाही. मग म्हणाली, "तू येशी तं मी येसू."

मला समुद्राची काही हौस नव्हती. पण चौदा वर्षं निरोप वाहिले होते, शेवटचा निरोप तरी बघावा म्हणून मी हो म्हटलं. विधवेला विचारणारंही कोणी नव्हतं.

शनिवारी नाना जिनात गेलाच नाही. सकाळपासून अंगरखा घालून दारात गाठोड्याशेजारी बसून राहिला. गाडी संध्याकाळची. मी म्हटलं, जिनात जाऊन ये की तोवर. तर म्हणाला, नको, जिनातून परत यायला उशीर होतो. अक्का आत दशम्या करत होती. तिने ते ऐकलं असणार, पण तव्यावरची दशमी उलटताना तिचा हात थांबला नाही.

गाडीत खूप गर्दी, रात्र कशीबशी गेली. सुरतेहून घोडागाडी करून समुद्राकाठच्या डुमसला पोहोचलो तोवर चांगलं उजाडलं होतं. नाना उडी मारून खाली उतरला, हात पुढे केला आणि म्हणाला, "हा पाहा."

आम्ही पाहिलं. चिखल होता. काळा, ओला, नजर पोहोचेल तिथपर्यंत चिखल, आणि त्यात कलंडलेल्या दोन होड्या.

अक्का मला म्हणाली, "जनाबाई, समुद्र कोठे शे?"

मी विचारलं, नाना, समुद्र कुठे गेला? बाजारात?

नाना घामाने ओला झाला. म्हणाला, येईल, ओहोटी आहे, दोन तासांत येईल, समुद्र रोज जातो आणि रोज येतो. अक्काने माझ्याकडे पाहिलं. आम्ही तापीकाठची माणसं. आमच्या पाण्याला एकच दिशा ठाऊक. गेलेलं पाणी परत येतं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. चौदा वर्षं ज्या समुद्राच्या गोष्टी ऐकल्या तो जागेवरच नाही म्हटल्यावर मला तर वाटलं की लोक म्हणत होते तेच खरं, हा इथे कधी आलाच नसेल.

पण तो आला होता खरा. कारण किनाऱ्यावर सगळे त्याला ओळखत होते. रणछोडभाई नावाचा एक म्हातारा होडीवाला पुढे आला. त्याने न सांगता एक तरट आणलं, उलट्या ठेवलेल्या जुन्या होडीच्या सावलीत अंथरलं आणि म्हणाला, "आवो शेठ, बेसो." कोळणी टोपल्या घेऊन आल्या आणि नानाने काटा काढायच्या आत त्याच्यापुढे मासे ठेवू लागल्या. व्यापारी मापात मारतात म्हणून त्या याच्याकडून आधी वजन करून घेतात, असं एकीने मला सांगितलं. वर्षातून एक दिवस त्यांना खरं माप मिळतं. नानाने दोन-तीन मासे तोलले, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो सारखा लांब चिखलाकडे बघत होता.

मग समुद्र आला. आधी लांब एक पांढरी रेघ दिसली, मग नुसतं पाणी, आवाज न करता, चिखलावरून पुढे पुढे सरकत. कलंडलेल्या होड्या हळूहळू सरळ झाल्या. अक्का उभी राहिली. तिने पदर डोक्यावर नीट घेतला, जसा मोठं माणूस घरात आल्यावर घेतात.

रणछोडभाईने होडी ओढली. आम्ही गुडघाभर पाण्यातून गेलो. अक्का लुगडं खोचून अशी चढली जशी बैलगाडीत चढते. मला दोघांनी ढकललं. आणि नाना? चौदा वर्षं समुद्रात जाणारा माणूस होडीपाशी असा थबकला जसं वासरू पुलापाशी थबकतं. एक पाय आत, एक बाहेर, दोन्ही हातांनी होडीची कड धरलेली. शेवटी रणछोडभाईने काखेत हात घालून त्याला उचलून आत ठेवला. मी मनात म्हटलं, हे काहीतरी वेगळंच आहे.

शीड उभारलं. किनारा मागे गेला. ताडाची झाडं खरंच काडीएवढी झाली. अक्काने माशांसाठी पिठाच्या गोळ्या करून आणल्या होत्या. आमच्याकडे तापीवर गेलं की माशांना ज्वारीच्या पिठाच्या गोळ्या घालतात, पुण्याचं काम म्हणून. नानाने रणछोडभाईला आधीच बजावलं होतं की गळाला कोळंबी लावायची नाही, माळकरीण आहे, गोळीच लावायची. आणि मासा आला तर सोडायचा. रणछोडभाईने कपाळावर हात मारला, पण शेठपुढे काय बोलणार? त्याने गोळी लावून दोरी अक्काच्या हातात दिली.

तेवढ्यात होडी हलू लागली. फार नाही, झोक्याएवढी. नाना पिवळा पडला, मग हिरवा झाला, आणि कडेवर ओणवा होऊन ओकू लागला. सकाळची दशमी गेली, रात्रीचीही गेली. मी आणि अक्का ठणठणीत. मी त्याची पाठ चोळत होते. रणछोडभाई सुकाणूवरून हसून म्हणाला, "पहेली वार बधाने थाय, बेन." पहिल्या वेळी सगळ्यांनाच होतं.

मी म्हटलं, पहिली वार कोणाची? हा तर चौदा वर्षं येतो.

"आवे छे," रणछोडभाई म्हणाला. "पण होडीमां तो आजे पहेली वार."

मग त्याने सगळं सांगितलं. गुजराती आम्हाला समजते, खान्देशात अर्धी भाषा तीच आहे. पहिल्या वर्षी शेठबरोबर चार दोस्त होते. ते होडीत बसले. शेठ एक पाय आत टाकून परत फिरला आणि दिवसभर वाळूवर बसून राहिला. दोस्त हसले. पुढे दोस्त यायचे बंद झाले, शेठ एकटाच येत राहिला. दिवसभर तरटावर बसतो, लोकांचे मासे तोलतो, होडीवाल्यांना विचारतो आज काय दिसलं, लाट केवढी होती, वारा कुठला होता. संध्याकाळी बाटली भरून जातो. मी दरवर्षी म्हणतो, शेठ, बसा, पैसे नको. तर म्हणतो, "घरवाळी आवशे त्यारे बेसीश."

बायको येईल तेव्हा बसेन.

मला तेव्हा आठवलं की 'मी मासा धरला' असं नाना ओट्यावर कधी म्हणालाच नव्हता. वजन तेवढं सांगायचा, आणि वजन खरं होतं.

नानाचं डोकं होडीबाहेर होतं, त्याला यातलं काही ऐकू आलं की नाही कोण जाणे. मी अक्काकडे पाहिलं. दोरी तिच्या हातात तशीच. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि सवयीने मी कान पुढे केला, की आता म्हणेल, जनाबाई, तेस्ले सांग.

पण तिने मान माझ्यावरून वळवली.

"इतला वरीस रेतीवरच बसेल व्हतात का?"

नाना तसाच ओणवा. त्याची पाठ माझ्या हाताखाली एकदम ताठ झाली. चौदा वर्षांनी बायकोचा आवाज आपल्यासाठी ऐकायचा, आणि तोही अशा वेळी की तोंडाला लाळ लोंबते आहे. त्याने उपरण्याने मिशा पुसल्या. वळला. डोळ्यांत पाणी होतं, ते ओकल्याचंही असेल.

"हो," म्हणाला. "चौदा वरीस. कमी नही, जास्ती नही."

"मंग सांगं का नही?"

नानाने होडीची कड पुन्हा घट्ट धरली. काय सांगणार? मित्रांना हसू आलं म्हणून बायकोला दारात बसवून आलो, आणि बायको आठवली म्हणून मित्रांना सोडून वाळूवर बसलो, हे सांगायला कुठलं तोंड घेऊन जायचं? दोन्हीकडून तोच वेडा ठरत होता. आणि अक्काचा अबोला सुरू झाल्यावर सांगायचं तर माझ्याकरवी सांगावं लागलं असतं. मी काय, गल्लीभर केलं असतं.

तेवढ्यात अक्काच्या हातातली दोरी ताणली. तिने ओढली, विहिरीतून बादली ओढते तशी, हातावर हात. एक चंदेरी मासा वर आला, फडफडत. रणछोडभाई ओरडला, "बोई! लोटनी गोळी उपर बोई!" पिठाच्या गोळीवर मासा लागलेला त्याने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. नानाला उभं राहवत नव्हतं, तरी तो सरकत सरकत आला आणि काटा काढला. माळकरीण बायको मासा हातात धरायला तयार नाही, मी धरला, त्याने आकड्याला लावला.

"तीन पाव," नाना म्हणाला. "जरासा कमीच."

अक्का म्हणाली, "बस? तिसरा वरीसनी घोळ सव्वीस शेर दीड पाव व्हती."

नाना काट्याकडे बघतच राहिला. दाराकडे तोंड करून ओरडून सांगितलेलं वजन. तिसऱ्या वर्षाचं. दीड पावसुद्धा हिने सोडला नव्हता.

मासा सोडला. तो क्षणात गेला. अक्काने होडीबाहेर वाकून माशाचा हात धुतला, म्हणजे माझा धुतला आणि मग स्वतःचा. मग हळूच एक बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं.

"बाटलीमधलं यानापेक्षा जास्ती खारट लागस," ती म्हणाली.

नाना माझ्याकडे वळला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोक्यात शाईच्या रेघा, मेण, बूच, दरसालची दोन बोटं, सगळं एकदम जुळत असणार. चौदा वर्षं माझ्यावर घोटाचा आळ होता, तो माझ्या डोळ्यांसमोर उतरला. त्याने निदान माफी मागायला हवी होती. पण त्याला पुन्हा ओकारी आली. अक्काने दोरी खाली ठेवली आणि मला बाजूला सारून त्याची पाठ ती चोळायला बसली.

बुधवारी पारोळ्याहून छकडा आला. अक्काने गाडीवानाला जेवू घातलं, बैलांना कडबा घातला, भावासाठी लोणच्याची एक बरणी दिली आणि छकडा रिकामा पाठवला.

मग त्या घरात बोलणं सुरू झालं. कसलं बोलणं, भांडणंच. मीठ, मीठ आणि मीठ. चौदा वर्षांचं साचलेलं. मला कोणी बोलावेनासं झालं. पहिल्या पहिल्यांदा मी संध्याकाळी सवयीने त्यांच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. ओट्यावर गोष्टीही बंद झाल्या. लोक मला विचारायचे, नाना गप्प का झाला? मी सांगायचे, त्याचे मासे संपले. खरं कारण मी आज पहिल्यांदा सांगते आहे. आता दोघंही नाहीत, त्यामुळे लाजायला कोणी उरलं नाही.

पुढची चार वर्षं दोघं मिळून समुद्रावर गेली. मग अक्काच्या गुडघ्यांनी दगा दिला, तिला घोडागाडीतही चढवेना. त्या वर्षी नाना एकटा गेला. सोमवारी आला, बाटली कोनाड्यात ठेवली. मी ओट्यावर बसले होते. मी विचारलं, काय रे, बसलास का होडीत?

"नही. रेतीवर बसनू. काटा धरीसन."

मी म्हटलं, आता तर बायकोनेच पाठवलं होतं तुला. आता का नाही?

नाना म्हणाला, होडीलाही धडा लागतो. एका अंगाला ती बसली तर दुसऱ्या अंगाला मी. एकटा बसलो तर होडी कलते.

मी म्हटलं, असं म्हण की ओकारीला भितोस.

आतून अक्का हसली. नानाने दाराकडे पाहिलं आणि मग मला, हळू आवाजात, आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "ते बी शे."

मग त्याने बाटली उचलली, पट्टीवर शाईची रेघ मारायला दौत पुढे ओढली, आणि रेघ न मारताच बाटली आत अक्काकडे घेऊन गेला.